हिराबायची वाटी

दम लागलेला माणूस दवाखान्यात शिरला की आधी दाराची चौकट धरतो. नाव सांगणं, बाकावर बसणं हे सगळं नंतर. आमच्या वसईजवळच्या निर्मळच्या दवाखान्याच्या चौकटीचा रंग उजव्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर, कायम उडालेला असायचा. दिवाळीला रंगवली तरी होळीपर्यंत पुन्हा लाकूड दिसायचं. तिथं मी एकतीस वर्षं काम केलं. चौकटीवर हात दिसला की हातातलं टाकून आधी वाफेच्या मशीनकडे जायचं, मग डॉक्टरांना हाक मारायची, हे माझ्या पायांनाच पाठ झालं होतं.

माझं शिक्षण आठवी. लग्न होऊन निर्मळला आले. सासरी केळी आणि फुलांची वाडी. सकाळी फुलं खुडायची, दहापर्यंत गजरे करून द्यायचे, की दिवस मोकळा. तेव्हा आमच्या आळीच्या तोंडाशी एक तरुण डॉक्टर आले. झाडायला आणि नंबर लावायला त्यांना बाई हवी होती. मी गेले ती झाडायलाच. मग पट्ट्या बांधायला लागले, ताप बघायला लागले, आणि हळूहळू दम्याचं सगळं खातं माझ्याकडे आलं. इंग्रजी अक्षरं मी औषधांच्या खोक्यांवरून शिकले. त्यामुळे ए ते झेड ओळीनं म्हणायला सांगाल तर मी अजून अडखळते, पण साल्ब्युटामॉल कुठल्याही खोक्यावर, चष्म्याशिवाय वाचून दाखवते.

आता ज्यांना दमा नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

वाडीत पाण्याचा पाइप टाकलेला असतो ना, त्यावर कुणी पाय दिला की पाणी अडतं. दम्यात छातीतल्या नळ्यांचं तसंच होतं. नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, म्हणजे पाइपवर पाय पडतो. निळा पंप, म्हणजे साल्ब्युटामॉलचा, तो पाय उचलतो. पाच मिनिटांत माणूस मोकळा. पण त्याच पाइपात आतून शेवाळ धरलेलं असेल, तर पाय उचलूनही पाणी बारीकच येणार. नळ्यांना आतून सूज असते ती ही. ती कमी करायला दुसरा पंप, रोज घ्यायचा. त्यानं लगेच काहीच वाटत नाही. घेतल्यावर गुळण्या करायच्या, नाहीतर तोंड येतं. आमच्याकडे तेव्हा निळा आणि तपकिरी असे यायचे. रंग कंपनीप्रमाणे बदलतात, म्हणून रंगावर जाऊ नका, नाव बघा.

माणसाचा स्वभाव असा, की जो लगेच सुख देतो तो आपला. त्यामुळे निळा सगळ्यांच्या खिशात, आणि तपकिरी कपाटावर, तिथंच त्याची मुदत संपायची. आता निळा आठवड्यात एकदोनदापेक्षा जास्त लागायला लागला, तर तो पंपाचा दोष नव्हे. आत सूज वाढते आहे, डॉक्टरकडे जा, असा तो निरोप असतो. लोक निरोप ऐकायचे नाहीत, अजून दोनदा दाबायचे. मग हात थरथरायचे, छाती धडधडायची, आणि "बाई, तुमच्या पंपानं मला हार्टचं दुखणं लागलं" म्हणून माझ्यावरच यायचे.

एकेक नमुने भेटले. एकानं टोपण न काढता पंधरा दिवस पंप घेतला. एका गृहस्थांनी गुडघ्याला स्प्रे मारतात तसा छातीवर, बनियन वर करून, फवारला. आणि नालासोपाऱ्याचे एक साहेब, चांगले बँकेतले, त्यांना ओढायच्या कॅप्सूल दिल्या होत्या. ती कॅप्सूल एका लहान यंत्रात फोडून तिची पूड श्वासाबरोबर आत ओढायची असते. महिन्यानं आले नि म्हणाले, "दम्याला काही फरक नाही."

"घेता कशा?"

"सकाळ-संध्याकाळ, दुधाबरोबर."

"आणि ते यंत्र?"

"ते मुलांनी खेळायला घेतलं. मला वाटलं, फ्री आहे."

मी हसले नाही. म्हणजे त्यांच्यासमोर हसले नाही. पण एक शिकले, की औषध हातात देणं म्हणजे औषध देणं नव्हे. तेव्हापासून मी प्रत्येकाला माझ्यासमोर घ्यायला लावायची. पंप हलवा. श्वास पूर्ण बाहेर सोडा. ओठ घट्ट. एकदाच दाबा, आणि दाबता दाबता सावकाश आत ओढा. आता धरून ठेवा. दहा आकडे मोजा म्हटलं की लोक रेल्वेसारखे मोजतात, तीन सेकंदांत दहा. म्हणून गजरे करणाऱ्या बायकांना मी सांगायची, "दहा कळ्या बांधून होईपर्यंत श्वास सोडायचा नाही." ते त्यांना बरोबर जमायचं. दुसऱ्यांदा घ्यायचा तर मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा. ज्यांना दाबणं नि ओढणं एकदम जमत नाही त्यांना मध्ये लावायचं नळकांडं. डॉक्टर म्हणायचे, "बाई, ह्यात तुम्ही माझ्यापेक्षा बऱ्या." हे ऐकून मला काय वाटत असेल ते लिहायला नको. त्यातूनच पुढचं सगळं झालं.

लोकांचा एक प्रश्न मात्र असा होता, की त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. "बाई, पंप संपला हे कळणार कसं?"

आता काही पंपांवर आकडा दिसतो, किती उरले ते. तेव्हा आमच्याकडे येणाऱ्या पंपांवर तो नसायचा. आत काय आहे ते दिसत नाही, कारण आतली कुपी पत्र्याची. डॉक्टर सांगायचे, खोक्यावर लिहिलंय दोनशे, मोजत जा. कोण मोजणार? लोक कानाशी धरून हलवायचे, नारळ बघतात तसा.

कळंबची हिराबाय तेव्हा आमच्याकडे वाफेला यायची. मासळीची पाटी घेऊन ती निर्मळच्या आळ्यांतून फिरायची. उंच, सडसडीत, आवाज असा की बोंबील आलेत हे तिसऱ्या वाडीत कळावं. तिचा दमा जुना. पाटी आमच्या पायरीखाली ठेवायची, वर येऊन मशीनचा मास्क स्वतःच नाकावर चढवायची, आणि पंधरा मिनिटांनी उठून पुन्हा पाटी डोक्यावर. मी तिला तपकिरी पंपाबद्दल बोलले की म्हणायची, "तो मुका हाय. मुक्याशी कोन बोलत बसनार?"

एका दुपारी डॉक्टर जेवायला गेलेले. हिराबायनं निळा पंप पुढं केला.

"सुमन, ह्याच्यात हाय काय नाय बग."

"मला काय दिसतंय? हलवून बघ."

"हलवून काय कललं? वाटी दे. पानी घाल."

मी स्टीलची वाटी भरून दिली. तिनं पंपातून पत्र्याची कुपी खेचून काढली आणि पाण्यात सोडली. कुपी पाण्यावर आडवी झाली आणि डुलायला लागली.

"संपला," हिराबाय म्हणाली. "बोया बग कसा झालाय. जाल्याचा बोया रिकामा, म्हनून तरंगतो. भरलेला असता तर तलाला गेला असता."

मी कपाटातनं नवी कोरी कुपी काढली. सोडली. टुपकन् तळाला. मग अर्धी वापरलेली एक सापडली, ती पाण्यात उभी राहिली, डोकं वर, शेपूट खाली. आम्ही दोघी एकमेकींकडे बघायलाच लागलो.

"चालीस वरसं बोये बगते मी," ती म्हणाली. "पान्यात वस्तू खोटं बोलत नाय."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! तोवर मी दुसऱ्यांनी सांगितलेलंच सांगत आले होते. हे पहिलंच असं होतं, की जे डॉक्टरांना माहीत नाही आणि आम्हा दोघींना माहीत आहे. दोनदा-तीनदा खरं निघालं. पुन्हा काही मी बघितलं नाही. आणि डॉक्टरांना विचारलं नाही. का विचारलं नाही, ह्याचं उत्तर मी बरीच वर्षं 'राहून गेलं' असं देत होते. आता वय झालंय, खरं लिहायला हरकत नाही. ते म्हणतील 'हो, हे ठाऊकच आहे', नाहीतर म्हणतील 'छे, असलं करू नका', आणि दोन्हींत माझं काहीच उरलं नसतं.

मग मी ज्याला त्याला सांगत सुटले. डॉक्टर आतल्या खोलीत, मी बाहेर. बुडाली तर भरलेली, उभी राहिली तर अर्धी, आडवी झाली तर नवीन आणा. नाव पण ठेवलं, हिराबायची वाटी. लोकांना इतकं आवडलं! श्वास धरायला शिकवताना कंटाळणारे लोक वाटीचं एकदा ऐकून चार जणांना सांगायचे. असं तीन वर्षं चाललं.

नंदाखालचे पास्कोल काका माझे आवडते पेशंट. सत्तरीचे, केळीची मोठी वाडी, चाळीस वर्षं विडी ओढलेली. त्यांचा दमा नव्हे. फुप्फुसं कायमची खराब झालेली. दमा येतो नि जातो, हे दुखणं आलं की राहतं. पंपानं नळ्या थोड्या उघडतात, तेवढाच आधार. पण तो आधार त्यांना रोजचा. विडी सोडलेली, पण जीभ तशीच. "सुमने, देवानं फुप्फुसं दोन दिली. एक मी विडीला दिलं, दुसरं डॉक्टरला. आता मी उसन्या हवेवर आहे," असं म्हणायचे. वाटीचं त्यांना भारी वेड. रविवारी चर्चमधून मिस्सा करून आले की ओटीवर वाटी मांडायची, कुपी सोडायची, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवायचं.

एका गुरुवारी दुपारी चारला दवाखान्यापुढे रिक्षा थांबली. त्यांची सून लुसी आणि रिक्षावाला, दोघांनी मिळून काकांना उचलून आणलं. चौकट धरायलाही हात वर होत नव्हता. ओठ निळसर, डोळे मोठे, आणि उजव्या हातात पंप. तो हात अजून दाबत होता. फुस्स. फुस्स. मी सोडवायला गेले तर मूठ सोडेनात.

वाफ, ऑक्सिजन, इंजेक्शन, डॉक्टरांनी सगळं एकदम सुरू केलं. मी मास्क धरून होते. शेजारच्या वाडीत केळीचा सुका पाला जाळला होता, त्याचा धूर ह्यांच्याकडे आलेला. काका वाडीतच होते. खिशातनं पंप काढला, दोनदा घेतला. काही नाही. पुन्हा घेतला. लुसी म्हणाली, दहा-बारा वेळा तरी घेतला असेल, थांबून थांबून, आता लागू पडेल म्हणून. अर्धा तास गेला त्यात.

डॉक्टरांनी तो पंप घेतला, हवेत दाबला. फुस्स. कुपी काढून बघितली.

"हा कधीचा आहे?"

"नाताळच्या आधीचा," लुसी म्हणाली. तेव्हा मे महिना होता.

"अहो, ते रोज घेतात! हा केव्हाच संपला. आणि ही ओली का?"

"सकाळीच वाटीत बघितली ना. उभी राहिली होती. म्हणजे अर्धी आहे." लुसी बोलता बोलता थांबली आणि तिनं माझ्याकडे बघितलं.

"कसली वाटी? कोणी सांगितलं हे?"

लुसीनं नजर काकांकडे वळवली. माझ्या हातात मास्क होता, त्याखाली काकांची छाती भात्यासारखी वरखाली होत होती, आणि मी मशीनकडे असं बघत होते, की जणू मला ऐकूच आलं नाही. तेवढ्यात वसईहून ॲम्ब्युलन्स आली, काकांना मोठ्या हॉस्पिटलात नेलं, आणि तो प्रश्न तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेशंट यायच्या आधी मी डॉक्टरांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले.

"डॉक्टर, ते वाटीचं मी सांगितलं होतं."

"पास्कोलना?"

"सगळ्यांना. तीन वर्षं झाली."

मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "बसा." त्या खोलीत इतक्या वर्षांत मी कधी बसले नव्हते. मग त्यांनी मला समजावलं, जसं मी पेशंटला समजावते तसं. कुपीत औषध असतं आणि ते बाहेर ढकलणारा गॅस असतो. दोनशे वेळा झाल्यावर औषधाचं माप राहत नाही, पण गॅस उरतो. तो फुस्स करतो, तोंडाला थंड लागतो, आणि माणसाला वाटतं मिळालं. पाण्यात ती कुपी कशी राहील हे तिच्या आकारावर आणि पत्र्यावर, प्रत्येक कंपनीचं वेगळं. वर पाणी तिच्या तोंडात शिरलं की भोक चोंदतं. मग असलेलं औषधही नीट येत नाही. धुवायचं ते बाहेरचं प्लास्टिक, कुपी कधीच नाही.

"तुम्ही मला एकदा विचारलं असतं बाई, तर..." एवढं म्हणून ते थांबले. मग म्हणाले, "किती जणांना सांगितलंत?"

मी आठवायला लागले. पहिल्या आळीपासून सुरुवात केली. सोमवारचे, बाजाराच्या दिवसाचे, भुईगावची माणसं, आगाशीची. थोड्या वेळानं म्हटलं, "डॉक्टर, नाही सांगता येत."

"मग दुपारी निघा. रोज."

पुढचा महिनाभर मी दुपारी सायकल काढून हिंडले. पेशंटच्या वहीतली नावं घेतली होती. घरोघर जाऊन एकच सांगायचं, की वाटीचं मी सांगितलं ते चूक होतं. म्हणायला एक वाक्य, पण पहिल्या घरी मी पाणी प्यायले, चहा प्यायले, केळीच्या भावावर बोलले, आणि निघताना पायरीवरून सांगितलं. दहाव्या घरी उंबऱ्यातनंच सांगायला लागले.

लोक वाईट बोलले नाहीत. एक म्हातारे मात्र म्हणाले, "मग बाई, तो श्वास धरायचा म्हणून सांगता ते तरी खरं ना? का तेही पुढच्या वर्षी येऊन परत न्याल?" मी म्हटलं, "ते डॉक्टरांचं आहे, ते खरं." म्हणाले, "बरं, म्हणजे तुमचं असेल ते विचारून घ्यायचं." चेष्टेतच म्हणाले, पण मी ते सायकलवर बसून घरापर्यंत नेलं.

नालासोपाऱ्याला नव्या इमारती झाल्यात, तिथं वहीतल्या एका बाई राहायच्या. त्या घरी नव्हत्या. शेजारच्या दारातल्या, मला न ओळखणाऱ्या, तरुण बाईंनी विचारलं, काय काम? मी म्हटलं, "त्यांच्या पंपाबद्दल होतं, दम्याच्या."

"मलाही आहे ना दमा! तुम्हाला माहितीये का, पंप चेक करायची ट्रिक? वाटीत टाकायचा."

मी हातातली वही मिटली.

"आणि पाण्यात चिमूटभर मीठ टाकायचं, मग एकदम ॲक्युरेट कळतं. निर्मळच्या एका दवाखान्यात टेस्ट करून काढलंय त्यांनी."

मीठ! ते कुणी घातलं देव जाणे. मी तिथंच जिन्यात बसले आणि त्या बाईंना पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्या दवाखान्यात टेस्ट करणारी ती मीच, हेही सांगितलं. त्यांनी मला लिंबाचं सरबत दिलं. पण मला कळून चुकलं, की वहीतली नावं संपतील, हे संपणार नाही. माझ्या सायकलीच्या पुढं ते कधीच गेलेलं होतं.

कळंबला मी सगळ्यांत शेवटी गेले. खरं तर सगळ्यांत आधी जायला हवं होतं. हिराबाय रोज निळा घेणारी, आणि वाटी तर तिचीच. म्हणजे पास्कोल काकांच्या जागी उद्या ती असू शकत होती, आणि हे माहीत असून मी महिनाभर इतरांची दारं वाजवत होते. तिच्यासमोर उभं राहायचं धैर्य नव्हतं, दुसरं काही नाही.

ती अंगणात बसली होती. बांबूंवर बोंबील वाळत होते. मला बघून म्हणाली, "आलीस? मना वाटलं माज्याकडची वाट बुजली. सगल्या गावाला सांगून झालं, आता माजा नंबर काय?"

तिला कळलेलं होतंच.

"हिराबाय, चूक माझी. तू तुझ्यापुरतं बघितलंस, मी गावाला सांगितलं."

"म्हनजे मी खोटी."

"तू खोटी नाहीस गं. पाणीही खोटं नाही. पण पाणी काय सांगतं? वजन सांगतं. आत औषध किती आणि नुसता वारा किती, हे पाण्याला कुठनं कळणार? तूच सांग, जाळं जड लागलं म्हणजे मासळीच असते का?"

बोंबलावर बसलेल्या कावळ्याला तिनं खडा मारला.

"म्हातारा कसा हाय?"

"घरी आलाय. वाडीत नाही जाता येत आता."

"माज्या वाटीनं?"

"माझ्या तोंडानं."

तिनं उठून दोनतीन बोंबील उलटे केले. मग तिनं विचारलं, "मग आता आमी काय करायचं? आकडे लिवनं मना येत नाय."

"मासळी कशी मोजतेस?"

"कोडीनं. वीस झाले की एक कोडी."

"मग दोनशे म्हणजे?"

"धा कोड्या." तिला वेळ लागला नाही. ती आत गेली, बिस्किटांचा डबा घेऊन आली, आणि आम्ही दोघी किनाऱ्यावर जाऊन बारीक शिंपल्या वेचायला बसलो. वीस-वीसच्या राशी केल्या, दहा. नवा पंप फोडला की डब्यात दहा कोड्या शिंपल्या. एकदा दाबलं की एक शिंपली बाहेर. पाटी घेऊन बाहेर असताना दाबलं तर पदराला गाठ, घरी येऊन तेवढ्या शिंपल्या काढायच्या. शेवटची कोडी उरली की नवा पंप आणायचा, संपायची वाट बघायची नाही.

"दिवसाला किती दाबतेस?" मी विचारलं.

"धा. कदी बारा."

"मग हा डबा किती दिवस पुरेल?"

तिनं शिंपल्यांवर हात ठेवला. दोन दिवसांची एक रास, अशी एकेक रास बाजूला सरकवत गेली. शेवटची सरकवली आणि थांबली.

"वीस दिस?"

"वीस."

"येवडा मी पिते?"

वाटीनं तिला इतकी वर्षं एवढंच सांगितलं होतं, की आहे किंवा नाही. किती घेते हे कधी सांगितलं नव्हतं. माझ्या बोलण्यानं जे झालं नव्हतं ते त्या राशींनी केलं. ती उठून पाय झाडत म्हणाली, "उद्या येते. त्या मुक्याला बगू."

दुसऱ्या दिवशी ती आली ती वाफेच्या खुर्चीकडे गेलीच नाही. डॉक्टरांच्या दारापाशी बाकावर बसली, नंबर लावून. डॉक्टरांनी तपासलं, तपकिरी पंप पुन्हा सुरू केला, आणि तो घ्यायचा कसा हे मी तिला पाच वेळा करून दाखवलं. सहाव्यांदा म्हणाली, "कलला गं, मी काय पोर हाय?"

पास्कोल काका पुढं दोन वर्षं होते. ओटीवर खुर्ची टाकून बसायचे, तिथनंच वाडीतल्या गड्यांना सूचना द्यायचे, अर्ध्या वाक्यात धाप लागायची. मी दर रविवारी जायची. वाटीबद्दल ते कधी बोलले नाहीत, लुसीही नाही. एकदा मीच काढलं, तर म्हणाले, "सुमने, चाळीस वर्षं विडी मी ओढली, तू नाही." हे त्यांचं मोठेपण. पण तो अर्धा तास विडीनं नेलेला नव्हता, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

हिराबाय पावसाळ्यानंतर एका सकाळी दवाखान्यात आली. काखेत डबा. माझ्या टेबलावर उपडा केला, शिंपल्या सगळीकडे पसरल्या, पेशंट बघायला लागले.

"मोज."

मी मोजल्या. सात कोड्या आणि वर चार उरल्या होत्या.

"धातल्या तीन कोड्या बी नाय संपल्या तीन महिन्यात," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. मग टेबलावर वाकून हळू बोलली, "सुमन, हे शिंपल्यांचं लय बेस हाय. सांग की सगल्यांना. माजं नाव लावून सांगितलंस तरी चालंल."

बाकावरच्या दोन बायका लगेच पुढं सरकल्या. "काय हो हे? आम्हाला पण सांगा ना."

मी शिंपल्या गोळा करून डब्यात भरल्या, झाकण लावलं आणि म्हटलं, "थांबा जरा. आधी डॉक्टरांना विचारून येते."